जहाजावरील मानाच्या पायऱ्या

कुकटपल्लीहून समुद्र कोणत्याच दिशेने जवळ नाही. पश्चिमेस मुंबई गाठावयाची तर आगगाडीत एक रात्र काढावी लागते, आणि पूर्वेस विशाखापट्टण गाठावयाचे तरी तेच. आमच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत पाण्याचा विषय निघतो तो नळाच्या वेळेवरून, टँकरच्या दरावरून किंवा पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यावरून. असे असूनही गेल्या काही वर्षांत या वसाहतीत जहाजांच्या गोष्टी वरचेवर कानावर येऊ लागल्या आहेत. त्याचे कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. येथील घराघरांतली मुले संगणकाच्या व्यवसायात आहेत. कोणी सिंगापुरास असतो, कोणी टेक्ससमध्ये. आईवडील मुलांकडे जातात, आणि मुले त्यांना मोठ्या हौसेने चार-सात दिवसांची सागरी सहल घडवितात. नोकरीनिमित्त मराठवाड्यातून, पुण्याहून, नागपुराहून येथे येऊन राहिलेली आमची मराठी कुटुंबेही यास अपवाद नाहीत.

मराठी माणसाला बोटीचा प्रवास तसा नवा नाही. मुंबईहून कोकणपट्टीला आणि गोव्याला जाणाऱ्या बोटींनी चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांची ने-आण केली. पण त्या बोटीत बसावयाचे ते गावी पोहोचण्यासाठी. आजच्या पर्यटन-जहाजावर चढणाऱ्यास बहुधा कोठेच पोहोचावयाचे नसते. जहाज हेच चार दिवसांचे गाव. कोकणच्या बोटीला उतारू परत यावा म्हणून काही करावे लागत नसे. ते काम गणपती आणि शिमगा करीत. या नव्या जहाजांना मात्र उतारू परत आणण्यासाठी युक्ती योजावी लागते. ही युक्ती आणि ती आपल्या कितपत उपयोगाची, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

विषय सुचला तो आमच्या शेजारच्या नानांमुळे. मी आयुष्यभर जमाखर्च तपासण्याचे काम केले, म्हणून शेजारीपाजारी असले कागद घेऊन माझ्याकडे येतात. नाना चौसष्ट वर्षांचे, निवृत्त. गेल्या वर्षी मुलाने त्यांना आणि वहिनींना सिंगापूरहून चार रात्रींची सहल घडविली. कंपनी कोणती, हे येथे महत्त्वाचे नाही. परत आल्यावर नानांना त्या कंपनीचे अभिनंदनाचे पत्र आले. आपण आता आमच्या परिवाराचे सदस्य झालात, आपला दर्जा पहिल्या पायरीचा आहे, पुढची पायरी फार दूर नाही, असा त्याचा आशय. शिवाय जहाजावरच असताना तेथील एका मेजावर बसलेल्या हसतमुख मुलीने पुढच्या प्रवासासाठी नानांकडून पंधरा हजार रुपये ठेव म्हणून भरून घेतले होते. ती ठेव परत मिळणारी नव्हती. आता उरलेली रक्कम भरण्याची तारीख जवळ आली होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात नांदेडला नानांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, सहस्रचंद्रदर्शन ठरले होते. लहानपणी आई गेल्यावर या अक्कांनीच नानांना वाढविलेले.

नाना म्हणाले, “तुम्ही हिशेबी माणूस, म्हणून विचारतो. ठेव बुडेल हे तर आहेच. पण मिळालेला दर्जाही हातचा जाईल की काय? अक्कांना मागाहून भेटून येता येईल. पण ही पायरी पुन्हा मिळेल का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निवृत्त माणसाचा पैसा, त्याचे उरलेले चालते-फिरते दिवस आणि त्याची माणसे, ही तिन्ही त्या एका पायरीच्या पारड्यासमोर येऊन बसली होती. तेव्हा मी नानांना म्हटले, प्रथम ही पायरी म्हणजे काय ते नीट पाहू, निर्णय मागाहून.

पायऱ्यांची ही कल्पना जहाजवाल्यांची खास अशी नव्हे. विमानकंपन्यांनी तिला मोठे केले. अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये आपली योजना सुरू केली, आणि पाहता पाहता इतर विमानकंपन्या, हॉटेले व जहाजे याच वाटेने गेली. याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मराठी अर्थ निष्ठा असा होतो. आपल्याकडे निष्ठा गुरूवर असते, देशावर असते, फार तर धन्यावर असते. तिकिटावर निष्ठा ठेवण्याची ही पद्धत नवी खरी; पण तिच्यामागे जो हिशेब आहे तो दुकानदारीइतकाच जुना आहे. नवे गिऱ्हाईक मिळविण्यास खर्च फार येतो. जुने टिकविण्यास कमी येतो.

रॉयल कॅरिबियन या मोठ्या कंपनीची योजना उदाहरणादाखल घेऊ. तिचे नाव क्राउन अँड अँकर सोसायटी. सन २०२५ मधील तिचे नियम असे: साध्या खोलीत एक रात्र काढली की एक गुण, स्वीट नावाच्या प्रशस्त दालनात काढली तर दोन. तीन गुण झाले की गोल्ड, ३० झाले की प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस, आणि ७०० गुणांना पिनॅकल म्हणजे शिखर. पहिली पायरी एकाच छोट्या सहलीत चढता येते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जिन्याची पहिली पायरी मुद्दाम ठेंगणी ठेवलेली असते, म्हणजे पाय सहज वर पडतो.

आता आपण आपल्या ऐपतीने हा जिना चढून पाहू. ज्या पायरीवर काही बऱ्यापैकी सवलती हाती लागतात ती ८० गुणांची पायरी धरा. चार रात्रींच्या सहली केल्या तर तेथे पोहोचण्यास वीस सहली हव्यात. आपल्यासारखे मध्यम स्थितीतले कुटुंब दोन वर्षांतून एकदा अशी सहल करील, तीही मुलांनी हातभार लावला तर. म्हणजे चाळीस वर्षे. नाना तेव्हा एकशे चार वर्षांचे असतील. सात रात्रींच्या सहली धरल्या तर बारा सहली, म्हणजे चोवीस वर्षे, वय अठ्ठ्याऐंशी. आणि शिखराची पायरी म्हणजे जहाजावरच्या ७०० रात्री, जवळजवळ दोन वर्षे समुद्रावर! नानांच्या चार रात्रींच्या मापाने एकशे पंचाहत्तर सहली. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखविला तेव्हा नाना प्रथम हसले, आणि मग म्हणाले, “पण कोणी तरी चढतच असेल ना?”

चढतात, अवश्य चढतात. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या प्रांतात निवृत्त होऊन राहिलेली माणसे आहेत. बंदर त्यांच्या घरापासून मोटारीच्या टप्प्यात आहे. जहाजात जागा रिकामी राहिली आणि भाडे उतरले, की ते आठवड्याभरात सामान भरून निघू शकतात. वर्षातून चार-पाच सहली हा त्यांचा सहज क्रम असतो. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातूनही मोठी जहाजे सुटतात, आणि ह्यूस्टनकडे राहणारी काही मराठी कुटुंबेही आता वरचेवर जहाजाने जाऊ लागली असतील, तर त्यांचा हिशेब निराळा. जिना त्यांच्या अंगणात आहे. आमचा जिना मात्र परदेशात, आणि त्याच्या पायथ्याशी पोहोचण्यासाठीच पारपत्र, व्हिसा, शमशाबादचा विमानतळ आणि दोघांचे विमानभाडे एवढे सोपस्कार उरकावे लागतात. जहाजावरचा मान जहाजाच्या शिडीपाशी सुरू होतो आणि शिडीपाशीच संपतो. आपल्या प्रवासातला जो खरा कष्टाचा भाग, म्हणजे व्हिसाची रांग, मध्यरात्रीचे विमान, सामानाची ओढाताण, तेथे या दर्जाला कोणी विचारीत नाही.

आता सवलतींकडे वळू. वेगवेगळ्या कंपन्यांच्या याद्या समोर ठेवल्या तर त्या लांबलचक दिसतात. पण तपासनिसाच्या नजरेने पाहिले की त्यांचे तीनच वर्ग पडतात.

पहिला वर्ग शोभेचा. छातीला लावावयाचे चिन्ह, निराळ्या रंगाचे कार्ड, खोलीत ठेवलेले स्वागताचे पत्र, कप्तानाबरोबर मेजवानीचे निमंत्रण, अंगावर घ्यावयाचा झगा. या गोष्टी आनंद देतात हे मला मान्य आहे. परंतु यांची किंमत जमेच्या बाजूला लिहिता येत नाही.

दुसरा वर्ग पैशाचा. यात भाड्यातील सूट, पेये, इंटरनेट आणि कपडे धुण्याची सोय हे प्रकार येतात. ज्या रॉयल कॅरिबियनचा वर उल्लेख केला, तिच्या डायमंड पायरीवर रोज चार पेये विनामूल्य मिळतात. मद्य घेणाऱ्यास ही सवलत मोठी आहे, कारण जहाजावरचे मद्य महाग असते. पण ज्या घरात संध्याकाळी फार तर एक कप कॉफी होते, त्या घराला चार पेये म्हणजे काय? न पिणाऱ्याच्या हाती पिण्याची सवलत म्हणजे टकल्याला मिळालेली फणी. कपडे धुण्याची सोय मात्र खरोखर उपयोगाची. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या कंपन्यांनी आपल्या वरच्या पायऱ्यांना ती दिलेली आहे, आणि वीस-पंचवीस दिवसांच्या प्रवासात तिचे मोल कळते. पण चार रात्रींच्या सहलीत आपण घरून नेलेलेच कपडे पुरतात.

तिसरा वर्ग वेळेचा. जहाजावर चढताना निराळी रांग, उतरताना आधी उतरण्याची मुभा, अडचण आल्यास विचारपूस करण्यासाठी निराळे मेज. माझ्या मते साऱ्या यादीत हाच वर्ग सर्वांत मोलाचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तासाभराची रांग वाचणे म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. पण यातही एक मेख आहे. ज्या जहाजावर जुनेच उतारू पुन्हा पुन्हा येतात, तेथे मानकऱ्यांचीच संख्या इतकी वाढते की मानाची रांग साध्या रांगेइतकी लांब होते. ज्या पंक्तीत सगळेच मानकरी, त्या पंक्तीत मान कोणाचा?

आता प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. हे आकडे समजण्यापुरते आहेत, कोणत्याही कंपनीचे नव्हेत. समजा, दोन जहाजे आहेत. रात्री चारच, बंदरेही तीच. पहिल्या जहाजावर तुमचा दर्जा आहे, दुसऱ्यावर नाही; पण दुसऱ्याचे भाडे दोघांना मिळून वीस हजार रुपयांनी कमी आहे. पहिल्या जहाजाच्या सवलती मोजा. विशेष कॉफी ३५० रुपयांना एक, दोघांच्या रोज चार, चार दिवसांच्या मिळून ५,६०० रुपये. एका दिवसाचे इंटरनेट १,८०० रुपये. भाड्यातील सूट ४,००० रुपये. एकूण ११,४०० रुपये. एवढ्यावरही ८,६०० रुपयांचा तोटा आहे. पण येथे आणखी एक प्रश्न विचारावयाचा राहतो. दर्जा नसता तर ती कॉफी तुम्ही पदरचे ३५० रुपये देऊन घेतली असती काय? नसती; बहुतेक जहाजांवर भोजनगृहात साधा चहा आणि कॉफी भाड्यातच असतात, तेथे जाऊन प्याला असता. मग ते ५,६०० रुपये जमेतून काढून टाका. उरले ५,८००, आणि तोटा झाला १४,२०० रुपये. सवलतीची किंमत तिच्यावर छापलेल्या आकड्याने ठरत नाही. ती वस्तू आपण एरवी विकत घेतली असती की नाही, यावर ठरते. हा नियम ज्याने मनात पक्का केला त्याला असल्या साऱ्या याद्या वाचता येऊ लागतात.

कुकटपल्लीच्या रैतु बाजारात मी बरीच वर्षे भाजी घेत आलो आहे. तेलुगू भाषेत वजन करून झाल्यावर वर टाकलेल्या जिनसाला ‘कोसरु’ म्हणतात. नेहमीचे गिऱ्हाईक दिसले की भाजीवाली मापावर दोन मिरच्या आणि कढीलिंबाची एक काडी टाकते. त्या काडीने मन प्रसन्न होते, आणि घरी फोडणीही होते. पण कोसरु मिळावा म्हणून नको असलेली भाजी कोणी घेत नाही, आणि शेजारच्या टोपलीतली वांगी ताजी व स्वस्त दिसली तर कढीलिंबासाठी कोणी किडकी वांगी पदरात बांधून आणत नाही. आमच्या वसाहतीतल्या गृहिणींना हे कोणी शिकवावे लागत नाही. जहाजावरच्या सवलती हा शेवटी कोसरुच. फरक इतकाच की येथे कोसरु मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि माप बारीक अक्षरांत.

दर्जाची दुसरी बाजू त्याच्या टिकाऊपणाची. हैदराबादेत राहणाऱ्यांना पदव्यांची उतरंड अपरिचित नाही. आसफजाही दरबारात खान, खान बहादूर, जंग, दौला, मुल्क, उमरा आणि जाह अशा चढत्या पायऱ्या होत्या. पहिले सालारजंग हे सालारजंगही होते, शुजाउद्दौलाही होते आणि मुख्तारुल्मुल्कही होते. दरबारात गेले की निजामाला अश्रफीची नजर करावी लागे, तेव्हा मान फुकट मिळत नसे हे त्या काळीही खरेच. पण एकदा मिळालेली पदवी माणसाच्या नावाला जन्मभर चिकटून राही. पुढच्या वर्षी नजर कमी पडली म्हणून जाहचा उमरा होत नसे.

जहाजकंपनीचा दर्जा मात्र कंपनीच्या इच्छेवर असतो. नियम ती करते आणि तीच बदलते. कार्निव्हल या मोठ्या कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले की तिची जुनी योजना बदलणार. यापुढे जहाजावर किती दिवस काढले यापेक्षा किती पैसा खर्च केला यावर दर्जा ठरणार, आणि तो ठराविक मुदतीपुरताच राहणार. वर्षानुवर्षे दिवस मोजत आलेल्या उतारूंना हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना करता येते. कंपनीने कायद्याबाहेरचे काही केले असे नाही. पायऱ्या तिच्या, जिना तिचा. आपण त्यावर चढताना तो आपल्या मालकीचा समजलो, ही चूक आपली.

आणि कधी कधी जिन्यासह घरच नाहीसे होते. मुंबई बंदरातून २०१९ मध्ये जलेश क्रूझेस या कंपनीचे ‘कर्णिका’ जहाज मोठ्या थाटाने सुटू लागले. पुढच्याच वर्षी महामारी आली, जहाजे थांबली, आणि २०२० संपण्यापूर्वी कंपनी बंद पडली. ‘कर्णिका’ गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. आशियातल्या पाण्यात ज्यांचे मोठे नाव होते त्या ड्रीम क्रूझेसची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये दिवाळ्यात गेली. तिचे ‘गेंटिंग ड्रीम’ जहाज त्याच वर्षी जूनमध्ये सिंगापूरहून पुन्हा निघाले खरे, पण नव्या कंपनीच्या नावाने. बँकेतल्या ठेवीला निदान काही मर्यादेपर्यंत विम्याचे संरक्षण असते. जहाजावरच्या गुणांना असे कोणते संरक्षण आहे?

याच्या उलटही एक मौज आहे. एमएससी या कंपनीने अशी सोय ठेवली, की दुसऱ्या कंपनीत किंवा हॉटेलांच्या योजनेत तुमचा वरचा दर्जा असेल तर तो दाखवावा, आणि आमच्या जहाजावर एकही रात्र न काढता त्याच्या तोडीचा दर्जा घ्यावा. म्हणजे एके ठिकाणी वीस वर्षांच्या प्रवासाने जे मिळते ते दुसरीकडे एका अर्जाने मिळते. यावरून या मानाचे बाजारात काय मोल आहे ते उघड होते. निष्ठेचे बक्षीस म्हणून जे दिले जाते, तेच निष्ठा मोडण्याचे आमिष म्हणूनही दिले जाते.

मग या सवलती निव्वळ निरुपयोगी आहेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला जहाजाचा प्रवास मनापासून आवडतो, जो बंदराजवळ राहतो, जो वर्षातून दोन-तीनदा जाणारच आहे, त्याने एकाच कंपनीकडे गुण साठविणे शहाणपणाचेच. सदस्यत्वाला बहुधा काही पैसे पडत नाहीत; तेव्हा एकदाच जाणाऱ्यानेही नाव नोंदवून ठेवावे, त्यात वावगे काही नाही. आक्षेप आहे तो क्रम उलटा होण्याला. प्रवास करता करता दर्जा मिळाला तर तो लाभ. दर्जा राखण्यासाठी प्रवास केला तर तो खर्च.

आणि आपल्यासारख्यांना जहाजावर ज्या गोष्टींची खरी गरज असते त्यांचा विचार केला, तर त्या बहुतेक दर्जाशिवायच मिळतात, असे आढळते. शाकाहारी किंवा कांदा-लसूण नसलेले जेवण हवे असेल तर तिकीट घेतानाच तसे लेखी कळवावे, आणि पहिल्याच संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखास भेटून पुन्हा सांगावे. चाकाच्या खुर्चीची मदत ज्याला आवश्यक आहे त्याने आधी कळविले की ती मिळते. त्यासाठी डायमंड व्हावे लागत नाही. खोली लिफ्टजवळ आणि जहाजाच्या मध्यभागी खालच्या मजल्यावर घेतली तर चालणे वाचते आणि हेलकावेही कमी जाणवतात. ती निवड लवकर नोंदणी करणाऱ्या कोणाच्याही हाती असते. वैद्यकीय विमा मात्र न विसरता घ्यावा, कारण जहाजावरच्या डॉक्टरचे बिल भाड्यात धरलेले नसते. या चार गोष्टींवर जो तासभर खर्च करील त्याला दहा वर्षांच्या गुणांहून अधिक सुख मिळेल.

शिवाय आता निवडही पूर्वीसारखी तोकडी राहिलेली नाही. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची या बाजूस जाऊ लागले. हेच जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होते, हा एक योगायोग. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी क्रूझ भारत मिशन मुंबईत सुरू केले, आणि देशातील जहाज-पर्यटकांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. बंदरे वाढतील, कंपन्या वाढतील, तसतशा नव्या योजना आणि नव्या पायऱ्याही आपल्या दाराशी येतील. तेव्हा आजच मनाशी दोन प्रश्न ठरवून ठेवावेत. पहिला: माझा दर्जा या क्षणी पुसला गेला असे धरले, तरी हेच जहाज, याच तारखेस, याच भाड्यात मी घेतले असते काय? दुसरा: ज्या सवलतीसाठी मी अधिक पैसे देत आहे, ती वस्तू मी दुकानातून त्या किमतीला विकत घेतली असती काय? दोन्हींचे उत्तर होय असेल तर खुशाल जावे. एकाचेही नाही असेल तर पत्र कपाटात ठेवून द्यावे.

नानांनी हे दोन्ही प्रश्न स्वतःला विचारले. पंधरा हजारांचे दुःख त्यांना होतेच. मी म्हटले, “नाना, ते पैसे तुम्ही गेलात तरी गेले आणि न गेलात तरी गेले. आता निर्णय करावयाचा तो उरलेल्या सव्वा लाखाचा आणि त्या आठवड्याचा. तारीख बदलून मिळते का तेवढे विचारून पाहा.” त्यांनी विचारले, त्यासाठी आकारले जाणारे शुल्क ठेवीच्या जवळपास जात होते. तेव्हा त्यांनी तो नाद सोडला.

इतका वेळ वहिनी चहाचे कप आवरीत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, एक सांगू का? त्या जहाजावर जेवण वाढायला एक मुलगा होता, मणिपूरकडचा. पहिल्या दिवशी मी त्याला तिखट कमी हवे म्हणून सांगितले. तिसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आधीच त्याने माझ्यासाठी निराळी वाटी आणून ठेवली. त्याने आमची पायरी कुठे विचारली होती? मला त्या जहाजावरचे आठवते ते तेवढेच.”

मला वाटते, साऱ्या हिशेबात माझ्याकडून जी नोंद राहिली होती ती वहिनींनी केली. कंपनी पत्रातून जो मान देते तो मोजून दिलेला असतो, आणि माणूस माणसाला जो देतो तो त्या यादीत कोठेच नसतो. पहिल्याला निष्कारण नावे ठेवू नयेत, पण त्याला दुसऱ्याच्या जागीही बसवू नये.

ठरल्या तारखेस नाना आणि वहिनी नांदेडच्या गाडीत बसली. सोहळ्याच्या पंक्तीत अक्कांनी नानांना आपल्या शेजारच्या पाटावर बसवून घेतले, आणि स्वतः थरथरत्या हाताने त्यांच्या पानात जिलबी वाढली, असे वहिनींनी परतल्यावर सांगितले. जहाजकंपनीची पत्रे नानांना अजून येतात. नाना ती वाचतात, आणि रद्दीत घालण्यापूर्वी त्यांच्या कोऱ्या बाजूवर भाजीची यादी करतात.